साथ ओसरली, सत्ता ओसरली काय?



आपल्या वस्त्यांतून कोरोनाच्या साथीची आठवण निघाली की लोक म्हणतात, "गेले ते दिवस, त्यांचे नाव कशाला काढता?" जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी ही साथ आता आंतरराष्ट्रीय आणीबाणीचा विषय राहिली नाही असे जाहीर केले, आणि जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने आपण सारे कामाला लागलो. दुःख विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही. परंतु दुःखाच्या काळात आपल्या हातून कोणी काय काढून घेतले, त्याचा हिशेबही विसरून जाणे हे आपल्यासारख्या समाजाला परवडणारे नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. साथ येते तेव्हा सरकारच्या हाती मोठी सत्ता येते. ती सत्ता देणारा कायदा साथ गेल्यावरही जागच्या जागी राहतो. त्या कायद्यात सरकारचे अधिकार लिहिलेले आहेत, सरकारची कर्तव्ये मात्र लिहिलेली नाहीत. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आल्यानंतर कायदा बदलून मागण्यास फार उशीर झालेला असेल. मागावयाचे असेल तर आज, घरात कोणी आजारी नसताना, डोके शांत असताना मागितले पाहिजे.

चार कलमांचा कायदा

ज्या कायद्याच्या आधारे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंध घालण्यास आरंभ केला, तो साथीचे रोग अधिनियम १८९७ सालचा आहे. मूळ कायदा एका पानात मावेल एवढा लहान. पहिल्या कलमात त्याचे नाव. दुसऱ्या कलमात, साथीचा धोका दिसल्यास योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा सरकारचा अधिकार. तिसऱ्या कलमात ते नियम मोडणाऱ्यास शिक्षा. चौथ्या कलमात, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा किंवा फिर्याद चालणार नाही असे अभय. अधिकार, शिक्षा आणि अभय: संपला कायदा! रोग्याला औषध कोण देणार? ज्याची मजुरी बुडाली त्याच्या चुलीचे काय? नियम किती दिवस चालणार? नियम अन्यायाचा असेल तर दाद कोणाकडे मागावयाची? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

हे असे का झाले, ते समजून घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. साथ पसरली. २८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या विधिमंडळात विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीस त्याचा कायदा झाला. सात दिवसांत कायदा! एवढी घाई मुंबईच्या चाळींत मजूर मरत होते म्हणून झाली काय? मुंबई हे साम्राज्याच्या व्यापाराचे बंदर होते, आणि युरोपातील राष्ट्रे हिंदुस्थानातून येणारी जहाजे व माल अडविण्यास सिद्ध झाली होती. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे प्लेगच्याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हजला जाणाऱ्यांची यात्राही त्या वर्षी बंद झाली. परराष्ट्रांना व व्यापाऱ्यांना दिलासा देणे ही सरकारची निकड होती. मांडवीचा रोगी त्या हिशेबात कोठे होता?

इंग्रज गेले, २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना आली. हा कायदा मात्र राहिला. २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेशाने व पुढे सप्टेंबरात कायद्याने त्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवक यांच्यावर हल्ला करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास ठरला. ही दुरुस्ती योग्यच होती. परंतु कायदा उघडून दुरुस्त करावयास बसलेल्या सरकारला त्यात रोग्याच्या व मजुराच्या हक्काचे एकही कलम घालावेसे वाटले नाही. नियम मोडल्याची शिक्षा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२३ वे कलम आले. आकडा बदलला, स्वभाव तोच राहिला.

पुण्याचे दोन मार्ग आणि तिसरा

या कायद्याची पहिली मोठी कसोटी पुण्यात झाली. प्लेग समितीचा अधिकारी रँड याच्या हुकमाने गोरे शिपाई घरांत शिरले. माणसे रस्त्यावर उभी करून तपासली गेली, सामान बाहेर काढून जाळले गेले. लोकक्षोभ उसळला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. त्याआधी सप्टेंबर १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली होती. येथपर्यंतचा इतिहास आपल्या मुलांच्या पुस्तकांत असतो.

परंतु वकील म्हणून मला पुढचे पान महत्त्वाचे वाटते. १८९८ साली सरकारने दंड संहितेत बदल करून राजद्रोहाच्या १२४-अ कलमाचा अर्थ विस्तारला आणि वर्गावर्गांत वैर पसरविण्याचे १५३-अ हे नवे कलम घातले. पुण्याची साथ ओसरली. ही कलमे स्वातंत्र्यानंतरही टिकली, एकूण सव्वाशे वर्षे चालली, आणि त्यांचे वारस आजच्या न्याय संहितेत बसलेले आहेत. साथीच्या भीतीत सत्तेने टाकलेले पाऊल ती आपण होऊन मागे घेत नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

एका बाजूस रँडची सक्ती आणि दुसऱ्या बाजूस चापेकरांचे पिस्तूल, असे दोनच मार्ग त्या काळी होते असे आपल्याला शिकविले जाते. ते खरे नव्हे. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या मुलाच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्याला त्यांनी पाठीवर घेतले! हा तिसरा मार्ग होय. रोग्याला गुन्हेगार न मानता आधी माणूस मानावयाचे, हे त्या मार्गाचे पहिले सूत्र. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीही मुंबईत याच साथीत, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी देह ठेवला. या दोघांच्या मार्गाचा उल्लेख त्या कायद्यात नव्हता आणि आजही नाही.

आणखी एक गोष्ट ऐका. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबई महापालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. तेव्हा आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती वाटली ती शहरातील सफाई कामगार शहर सोडून जातील याची; कारण ते गेले असते तर मुंबई राहण्यालायक उरली नसती. हुकूम सैल करावा लागला. ज्यांना समाज सर्वांत खालचे म्हणत होता त्यांच्या हातावर सारे शहर उभे होते, ही गोष्ट साथीनेच उघड केली. साथ गेल्यावर ती सर्वांच्या सोयीने विसरली गेली.

मानमोडीचा धडा

आपल्या विदर्भाने १९१८ ची साथ पाहिली आहे. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. नागपूर ज्या प्रांतात होते तो मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या प्रदेशातील लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, यावरून काय झाले असेल ते ओळखा. पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हे खाते प्रांतांतील हिंदी मंत्र्यांकडे सोपविले गेले. दिसावयास हा मोठा अधिकार होता. परंतु तिजोरीच्या किल्ल्या गव्हर्नर व त्याच्या मंडळाकडेच राहिल्या. जबाबदारी खाली दिली, पैसा वर ठेवला. आजही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या आशाताईला विचारा, ही रीत बदलली काय?

आपले हक्क स्थगित झालेच नव्हते

आता २०२० सालाकडे या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला. चार तासांची सूचना! त्यासाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला गेला. या कायद्याचे ७१ वे कलम पाहा: त्याखालील हुकमांविरुद्ध सर्वोच्च व उच्च न्यायालयाखेरीज अन्य कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणजे वेलतूरच्या मजुराला तालुक्याच्या न्यायालयाचा दरवाजा बंद. त्याने नागपूरच्या खंडपीठापर्यंत जावे, आणि तेही रस्ते बंद असताना.

येथे प्रत्येक वाचकाने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. २०२० साली देशात घटनेच्या ३५२ व्या कलमाखाली आणीबाणी जाहीर झालीच नव्हती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर ती युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड या तीनच कारणांनी जाहीर करता येते. रोगराई हे कारण त्यात नाही. सबब १४ व्या कलमाची समता, १९ व्या कलमाचे संचारस्वातंत्र्य, २१ व्या कलमाचे जीवित व स्वातंत्र्य हे सारे हक्क त्या काळात एक दिवसही स्थगित नव्हते. संचारावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हे १९ व्या कलमातच लिहिलेले आहे. पण "वाजवी" हा शब्दही तेथेच आहे. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्यांची गावे गेली त्या कुही तालुक्यातील लोकांना "सार्वजनिक हित" या शब्दांचा अर्थ मी सांगावयास नको. हित सर्वांचे आणि त्याग नेहमी त्याच लोकांचा, असे जेथे होते तेथे निर्बंध वाजवी म्हणता येत नाही.

त्या काळात काय काय झाले? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून पायी निघालेले ते लोक गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे जात होते. तेलंगणात मिरचीच्या तोडणीला गेलेली छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची मुलगी घराकडे चालता चालता एप्रिल महिन्यात वाटेतच मेली. आपल्या कुही-मांढळ भागातील मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांना तोडणीच्या मजुरीचे मोल ठाऊक आहे. त्या मुलीला रोगाने मारले नाही. पोटापाण्याची कोणतीही तजवीज न करता काढलेल्या हुकमाने मारले.

उत्तर प्रदेश सरकारने त्याच वर्षी बहुतेक कामगार कायदे तीन वर्षांसाठी गुंडाळून ठेवण्याचा अध्यादेश मंजूर केला. गुजरातने अधिसूचना काढून कारखान्यांत बारा तासांचा दिवस केला आणि जादा वेळेची दुप्पट मजुरी काढून घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना जे विधेयक मांडले, त्यातून १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. त्या तासांवर घाला घालण्यास रोगराईचे निमित्त पुरले! संसदेचे सप्टेंबर २०२० चे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना भरले. त्याच अधिवेशनात, विरोधी सभासद बहिष्कार घालून बाहेर असताना, तीन कामगार संहिता संमत झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या आहेत. संसदेचे हिवाळी अधिवेशन त्या वर्षी भरलेच नाही. नागपूरला भरणारे आपल्या विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही २०२० व २०२१ अशी दोन वर्षे मुंबईलाच उरकले गेले. महाराष्ट्रात मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खाजगी व्यक्तींना प्रशासक नेमण्याचा घाट घातला गेला. उच्च न्यायालयाने शक्यतो सरकारी सेवकच नेमा असे बजावले तेव्हा तो अडला. पाहा, संसदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत जेथे जेथे आपल्याला प्रश्न विचारता येतात, ती ती जागा साथीत प्रथम बंद झाली.

आणि तो शब्द आठवतो ना? "सामाजिक अंतर!" जंतूपासून बचाव करावयाचा तर दोन शरीरांत अंतर हवे, त्याला शारीरिक अंतर म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच हा शब्द जवळ केला. तरी आमच्या देशात सरकारी फलकावर सामाजिक अंतरच राहिले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरून ओंजळीत पाणी वाढले गेले त्यांनी हा शब्द वाचला तेव्हा त्यांच्या काळजात काय झाले असेल याचा विचार कोणत्या सचिवाने केला? अस्पृश्यता १७ व्या कलमाने नष्ट झाली आहे. आरोग्याच्या नावाने तिला मागील दाराने आत येऊ देणे आपल्याला कदापि मान्य होणार नाही.

जे मिळाले ते मागून मिळाले

तथापि निराश होण्याचे कारण नाही. त्या अंधारातही ज्यांनी मागितले त्यांना मिळाले.

गुजरातच्या कामगार संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना जादा वेळेची मजुरी देण्यास सांगितले. साथ म्हणजे कारखाने कायद्यातील "सार्वजनिक आणीबाणी" नव्हे, असा तो निर्णय आहे.

तबलिगी जमातीच्या लोकांना साऱ्या देशाच्या रोगाचे कारण ठरविण्यात आले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. संकटात सरकार बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे निवडले गेल्याचा संभव आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच महिन्यात नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. बंधूंनो, आज बकरा दुसऱ्याच्या दारचा आहे म्हणून आपण गप्प बसावे काय? गावात पटकी आली की महारवाड्याकडे बोट दाखविले जात असे; ते बोट आपल्या पूर्वजांनी पाहिले आहे.

मृतांच्या कुटुंबांचे पाहा. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने मृतांच्या वारसांना चार लाख रुपये देण्याचे पत्र काढले आणि त्याच दिवशी ते फिरविले. पुढे आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमावर बोट ठेवून लोक न्यायालयात गेले. त्या कलमात सानुग्रह साहाय्याची तजवीज होती, आणि ती प्राधिकरणाच्या मर्जीवर सोडलेली नसून ते त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितले. त्यातून ५०,००० रुपये मिळाले. रक्कम तुटपुंजी आहे. परंतु त्यातील धडा लाखमोलाचा आहे. कायद्यात कर्तव्याचे एक कलम होते, म्हणून विधवेला काही मागता आले. १८९७ च्या कायद्यात तसे एकही कलम नाही.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशाताईंनी संप केला. टाळ्या पुष्कळ झाल्या, मानधन द्या, असे त्यांचे म्हणणे होते. आठवडाभराच्या संपानंतर दरमहा १,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. जे थाळ्या वाजवून मिळाले नाही ते एकजुटीने मिळाले.

बाहेर एक न्याय, घरात दुसरा

२ ऑक्टोबर २०२० रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की, साथ असेपर्यंत लसी व औषधे यांवरील मालकी हक्क बाजूला ठेवावेत. श्रीमंत राष्ट्रांनी दीड वर्षाहून अधिक काळ घोळ घातला आणि १७ जून २०२२ रोजी फक्त लसींपुरती, कापलेली सवलत दिली. पुण्यात बनलेली लस जानेवारी २०२१ पासून परदेशी गेली. दुसरी लाट येताच निर्यात थांबली आणि आपल्यावर विसंबलेली गरीब राष्ट्रे तिष्ठत राहिली. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने साथींविषयीचा करार स्वीकारला आहे. साथीत राष्ट्राराष्ट्रांचे खरे चेहरे असे दिसतात.

भारताने मागितलेली समता न्याय्य होती. पण तीच समता भारताने कुहीला दिली काय? १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना लस हवी तर आधी संगणकावर वा मोबाईलवर नोंदणी करावी लागे. ज्यांच्याकडे चांगला फोन व इंटरनेट होते ते शहरांतून मोटारीने खेड्यांच्या केंद्रांवर आले आणि टोचून घेऊन गेले. गावचा मजूर दारात उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर बोट ठेवले. जून महिन्यात धोरण बदलून थेट केंद्रावर जाण्याची व मोफत लशीची सोय झाली. जगाच्या दरबारात जो न्याय मागावयाचा तो आपल्या तालुक्यात आधी द्यावयास हवा, एवढेच आपले म्हणणे आहे.

एका आक्षेपास उत्तर

कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, साथीत सक्ती लागतेच. तुमचे हक्क घेऊन बसलो तर माणसे मरतील." मी सक्तीच्या नावाने बोटे मोडीत नाही. लस घ्यावी, रोग्याने वेगळे राहावे, पाणी उकळावे, अफवा पसरवू नयेत, हे मी प्रत्येक घरास सांगतो. लस घेण्याची कोणावर शारीरिक सक्ती करता येत नाही, पण समाजाच्या हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निर्णय आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

प्रश्न असा आहे की, लोक कशाने वागतात? १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घराच्या उंबऱ्याआत साजरी केली. २०२० व २०२१ साली दीक्षाभूमीवरील मेळावा झाला नाही. आयुष्यात एकदाही तो दिवस न चुकविलेली माणसे घरी थांबली. त्यासाठी काठी उगारावी लागली काय? कारण समजावून सांगितले की माणूस वागतो. उलट, काठीने व खटल्यांनी काय साधले? संचारबंदी मोडल्याचे जे खटले भरले गेले ते महाराष्ट्र शासनानेच पुढे २०२२ साली मागे घेण्याचे ठरविले.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. देव्या आल्या की मातामायपुढे लिंबू कापणे आणि पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेणे, हे आपल्या घरच्या वृद्धांनी केलेले आहे. रोगाला कारण असते व ते शोधून दूर करता येते, हे जाणून आपण ती पूजा सोडली. मग मरीआईच्या रिकाम्या देव्हाऱ्यात सरकारला बसवू नका. तिला भिऊन नवस करीत होतो. यालाही भिऊन, न विचारता, मान तुकवावयाची असेल तर आपण सोडले ते काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती ही अधःपाताची वाट आहे असा इशारा दिला होता. साथीचा काळ हा त्या इशाऱ्याचाच काळ असतो.

आता काय करावयाचे

भारताच्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगून त्यात दुरुस्ती किंवा नवा सर्वंकष कायदा सुचविला आहे. सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या राज्यसूचीतील विषय आहे. म्हणून महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने तो का करू नये? त्या कायद्यात पुढील पाच गोष्टी असल्याच पाहिजेत:

१. साथीतील प्रत्येक हुकूम कारणासह, मराठीत, लेखी असावा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

२. हुकमाला शेवटची तारीख असावी. मुदत वाढवावयाची तर विधिमंडळाची संमती घ्यावी.

३. ज्या दिवशी काम बंद त्याच दिवसापासून धान्य व निर्वाहभत्ता सुरू व्हावा. कार्ड नाही म्हणून कोणास परत पाठवू नये.

४. सफाई कामगार व आशाताई यांना संरक्षक साधने, विमा व निश्चित वेतन हक्काने मिळावे.

५. हुकमाविरुद्ध तालुक्याच्या ठिकाणीच दाद मागता यावी, आणि सद्भावनेचे अभय मारहाणीस व भेदभावास लागू नसावे.

हे केवळ वाचून बाजूस ठेवू नका. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा भरविणे कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेत या पाच मागण्यांचा ठराव लेखी मांडा, त्याची नोंद कार्यवृत्तात झाली की नाही ते पाहा आणि नक्कल मागून घ्या. कुही गावात नगर पंचायत आहे, तेथील लोकांनी हे निवेदन आपल्या नगरसेवकाकडून सभेत मांडून घ्यावे. विधिमंडळ हिवाळ्यात नागपूरला भरते. मांढळहून, वेलतूरहून, आंभोऱ्याहून या ठरावांच्या नकला आपल्या आमदाराच्या हाती तेथे पडल्या पाहिजेत. ज्या घरात त्या साथीने माणूस नेला आहे त्या घरातील बाईची सही सर्वांत वर घ्या.

पुढच्या वेळी शिपाई हुकूम घेऊन दारात उभा राहील, तेव्हा त्याच्याशी भांडू नका आणि त्याला भिऊही नका. मुलाला पुढे बोलवा, तो कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि शांतपणे विचारा: कोणत्या कायद्याने, किती दिवस, आणि तोवर आमच्या घरात धान्य कोण देणार?

— कुही येथील एक वकील